मागून आणलेली फांदी

यादीत १४ नावं होती. आत्याने ती हातभर लांब धरून वाचली, मग चष्मा शोधून पुन्हा वाचली आणि कागद परत देताना म्हणाली, "जास्वंद राहिली गो."

राहिली नव्हती. मी ती मुद्दाम घेतली नव्हती.

आमची डोंबिवलीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दसऱ्यापर्यंत घरं रिकामी करायची. नव्या इमारतीभोवती जी थोडी माती उरेल तिच्यात कोणती झाडं लावायची, ते बिल्डरला लिहून द्यायचं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून कमिटीने ते काम माझ्याकडे दिलं आणि मी ते मनापासून घेतलं. शहरात जी काही माती शिल्लक आहे ती इथल्याच झाडांना द्यावी, असं माझं ठाम मत आहे. धायटी, निर्गुडी, अडुळसा, पांढरा कुडा, कढीपत्ता, पारसा पिंपळ अशी नावं मी विचार करून लिहिली होती. आत्या त्याच सोसायटीत तळमजल्यावर राहते. तिच्या खिडकीबाहेर १९७८ पासून एक लाल, एकेरी जास्वंद उभी आहे, आणि ती जाणार हे ठरलेलं आहे.

"राहिली नाही, आत्या. मी घेतली नाही."

"का गो? तिने काय केलं?"

आत्या ७४ वर्षांची. शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झाली. अजूनही वर्गात विचारल्यासारखा प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत नजर हलवत नाही.

"केलं काहीच नाही. पण ती इथली नाही. लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं त्यातच चीनचा गुलाब म्हटलंय. इथल्या फुलपाखरांचं, किड्यांचं, पक्ष्यांचं हजारो वर्षांचं नातं धायटीशी आहे, कुड्याशी आहे. जास्वंदीशी तसं नाही. शोभेची म्हणून आली आणि कुंपणाला लागली."

"हा लिनियस चीनला गेला होता?"

"नाही. युरोपाबाहेर कधीच गेला नाही."

"मग त्याला काय माहीत?"

मला थांबावं लागलं, कारण खरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. आपण जिला जास्वंद म्हणतो ती चीनच्याही रानात सापडत नाही. ती कुठल्याच रानात सापडत नाही. तिचे पूर्वज पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे असावेत आणि माणसांच्या बागांमध्ये त्यांच्या संकरातून ती घडली असावी, असं अलीकडचे अभ्यासक मानतात. आज जगात ती जिथे जिथे आहे तिथे कुणीतरी लावलेली आहे.

मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझी बाजू पक्की झाली. ज्या झाडाला स्वतःचं रानच नाही, त्याला 'इथलं' कसं म्हणायचं?

आत्याचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे माणसाशिवाय तिला कुणीच नाही," ती म्हणाली. "आणि तू तिलाच बाहेर काढतेस."

मग तिने कालिदास काढला. मेघदूतातला यक्ष मेघाला सांगतो, उज्जैनला महाकालाच्या देवळाशी संध्याकाळपर्यंत थांब, आणि शंकराच्या नृत्याच्या वेळी ताज्या जपाफुलासारखा लाल रंग अंगावर घे. जपा म्हणजे जास्वंद. नवग्रह स्तोत्राची सुरुवात सूर्यापासून होते, आणि तिथेही सूर्याच्या रंगाला उपमा हिचीच.

"आणि स्फटिक विसरू नकोस," आत्या म्हणाली. "शुद्ध स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाल झालेला नसतो, दिसतो. आत्मा आणि उपाधी समजवायला वेदान्त्यांनी, सांख्यांनी हेच उदाहरण वापरलं. माझ्या वडिलांनी मला ते ओटीवर बसून शिकवलं, हातात फूल धरून. आता सांग, जे फूल ऐकणाऱ्याच्या परसात नाही त्याचं उदाहरण कोण देईल? दीड हजार वर्षांपूर्वी ती इतकी ओळखीची होती. आणखी किती वर्षं राहिली म्हणजे तुझ्या यादीत बसेल?"

हा प्रश्न मला अजूनही पुरता सुटलेला नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, पाचशे वर्षांत आपली झाली. पण मिरचीला आपण 'देशी' म्हणतो ते स्वयंपाकघरापुरतं. रानाचा हिशेब वेगळा असतो. दीड हजार वर्षं संस्कृतीत खूप असतात, किडे आणि झाडं यांच्या नात्यात फारशी नाहीत. मी आत्याला हे असंच सांगितलं आणि तिने ते ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाली नाही.

मग मीच तिला एक गोष्ट दिली, माझ्या बाजूची नसताना. कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' नावाचा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने माहिती दिली, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनीही. त्यांची साक्ष ग्रंथात कोकणीत, नागरी लिपीत छापलेली आहे. या ग्रंथात जास्वंद आहे ती तिच्या मल्याळी नावाने, चेंपरुत्ती. चेम् म्हणजे तांबडा, परुत्ती म्हणजे कापूस.

"तांबडा कापूस?" आत्याने पुन्हा विचारलं.

"तांबडा कापूस. जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले. भेंडी त्याच कुळातली, अंबाडी त्याच कुळातली. आम्ही ते मुलांना पुंकेसरांची नळी दाखवून शिकवतो. तमिळ आणि मल्याळी माणसांनी ते नावातच सांगून ठेवलंय, लिनियसच्या कितीतरी आधी."

"भेंडीची बहीण आहे हे मला माहीत होतं," आत्या म्हणाली. "पानं वाटली की तोच बुळबुळीतपणा. आई केस धुवायला तीच वापरायची."

खिडकीबाहेर त्या वेळी शिंजीर आला होता. मी मुद्दाम बोट दाखवलं.

"बघ. तो फुलाच्या तोंडाशी जात नाहीये. बुडाशी चोच खुपसून मध ओढतोय. परागकण त्याच्या अंगाला लागलेच नाहीत. म्हणजे त्याने मध घेतला आणि झाडाचं काम केलं नाही. मी १५ वर्षं बघतेय, या झाडाला एकदाही फळ धरलेलं नाही. बी नाही, पुढची पिढी नाही. वास नाही. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मिटतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं. धायटी बघ, तिच्या लाल फुलांनी फांदी भरून जाते, शिंजीर तिथे दिवसभर असतात, आणि ती बी धरते, रुजते, पसरते. तेवढीच जागा तिला दिली तर किती जिवांचं पोट भरेल."

"भरू दे की. धायटी लाव, मी नको म्हटलं नाही. पण शिंजिराला इथे मध मिळतो की नाही?"

"मिळतो."

"मग झाडाचं काम झालं नाही म्हणून तू का रागावतेस? झाड रागावलेलं दिसत नाही."

मी म्हटलं, "मध मिळतो, जर फूल झाडावर राहिलं तर. तू तर सकाळी सहाला सगळी परडीत भरतेस."

हे मी जरा जोरात बोलले. फुलं तोडण्यावरून आमच्यात जुना वाद आहे. सोसायटीत फिरायला येणारी माणसं आकडीने फांद्या ओढून कुणाचीही फुलं तोडतात, वर 'देवासाठीच तर' म्हणतात, आणि मला ते सहन होत नाही. देव त्या फुलात आधीपासून आहे असं मानणाऱ्यांनीच ते ओरबाडावं, हे मला कधी समजलेलं नाही.

आत्या शांतपणे म्हणाली, "आकडी माझ्या घरात नाही. हाताला येतं ते देवाचं, वरचं पाखरांचं. आईचा नियम होता. आणि तू कुठली तोडतेस ते सांगू?"

मला कळलं ती काय म्हणणार.

"दर पावसाळ्यात तुझं अकरावीचं प्रॅक्टिकल असतं. पंचवीस फुलं लागतात. कुठून नेतेस? मी ती आदल्या संध्याकाळी कळ्या असतानाच काढून ठेवते, कारण कळी रात्रभर डब्यात राहिली तरी सकाळी उमलते. तू ती ब्लेडने उभी चिरतेस, पोरं वहीत काढतात, आणि संध्याकाळी कचऱ्यात. माझ्या गणपतीला वाहिलेलं फूल निर्माल्य होऊन निदान याच झाडाच्या बुंध्याशी जातं."

यावर मला उत्तर नव्हतं. खरं तर ते प्रॅक्टिकल माझं सगळ्यात आवडतं. कुठलंही दुसरं फूल इतक्या सरळपणे स्वतःला उघडून दाखवत नाही. हिरव्या वाटीखाली आणखी एक बारीक हिरवी झालर, मग पाच निदल, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी शेजारणीवर एका बाजूने चढलेली. मधोमध लांब दांडी. मुलं तिला नुसती 'दांडी' म्हणतात. ब्लेड लावली की कळतं, ती दांडी नाही, नळी आहे. असंख्य पुंकेसरांचे देठ जोडून झालेली ती नळी, आणि तिच्या आतून कुक्षीवृंत जातो, टोकाशी पाच मखमली लाल टिपक्यांमध्ये फुटतो. पुमंगाच्या पोटातून जायांग. तळाशी अंडाशय, आडवा कापला की पाच कप्पे. दरवर्षी एखादं पोर ते बघून 'अरे!' म्हणतं. मी त्या एका शब्दासाठी शिकवते.

आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तू त्यांना देव दाखवतेस की. मी वेगळं काय करते?"

गणपतीला जास्वंदच का, यावर मात्र आम्ही दोघी बराच वेळ बोललो. अथर्वशीर्षात लाल फुलांचा उल्लेख आहे, जास्वंदीचं नाव नाही. गणेशपुराणात सिंदुरासुराच्या वधाची कथा आहे: त्याचं रक्त अंगाला लावून गणपती शेंदरी झाला. लाल रंग ठरला, मग जी लाल फुलं बारा महिने मिळतात त्यांत जास्वंदीसारखी दुसरी कुठली, असा माझा तर्क. आत्याला तो तर्क कोरडा वाटतो. बंगालमध्ये हीच जबा कालीची. तिथे कालीला लाल जबाची माळ चढते.

"दक्षिणेश्वरची गोष्ट तुला ठाऊक आहे?" तिने विचारलं.

राणी रासमणींचे जावई मथुरबाबू आणि रामकृष्ण यांच्यातली ती गोष्ट. मथुरबाबू म्हणाले, देवालाही स्वतःचे नियम पाळावे लागतात. लाल जबाच्या झाडाला लालच फूल येणार, पांढरं येणार नाही. रामकृष्ण म्हणाले, ज्याने नियम केला तो बदलूही शकतो. दुसऱ्या दिवशी बागेत त्यांना लाल जबाच्या एकाच फांदीवर दोन फुलं दिसली, एक लाल, एक पांढरं. ती फांदी तोडून त्यांनी मथुरबाबूंसमोर ठेवली.

"आता सांग, मास्तरीणबाई," आत्या म्हणाली. "खोटं?"

"खोटं कशाला? असं होतं."

तिला हे अपेक्षित नव्हतं. मी सांगितलं, फांदीच्या टोकाशी जी पेशी वाढत असते तिच्यात कधी बदल होतो. लाल रंगद्रव्य बनवायच्या अनेक पायऱ्या असतात, त्यातली एक जरी मोडली तर त्या डोळ्यातून फुटणाऱ्या फुलाला रंगच येत नाही. झाड लाल, एक डहाळी पांढरी. बागवाले त्याला बड स्पोर्ट म्हणतात आणि तशा डहाळीचं कलम करून नवीन जात मिळवतात. जास्वंदीत हे घडतं.

आत्या विचारात पडली. मग तिने जे विचारलं ते मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे: "म्हणजे मथुरबाबू हरले की जिंकले?"

मला वाटतं, मथुरबाबूंचा नियम त्या दिवशी मोडला नाही. त्यांना तो पुरता माहीत नव्हता. पण रामकृष्णांना जे दिसलं ते मथुरबाबूंना दिसलं नसतं, कारण त्यांनी आधीच ठरवलं होतं की तिथे बघण्यासारखं काही नाही. आत्याला मी एवढंच म्हटलं, की फांदी बघायला जो बागेत गेला तो जिंकला. ती हसली नाही, पण तिने माझ्या पुढ्यात चहाबरोबर लाडू ठेवला.

चहावरून आठवलं. मॉलमध्ये हिबिस्कस टी म्हणून महाग पाकिटं मिळतात आणि लोक ती जास्वंदीची समजून घेतात. ती लाल अंबाडीची असतात, फुलाखालचे मांसल लाल निदल वाळवून केलेली. अंबाडीची भाजी खाणाऱ्या आपल्या लोकांनी ते ओळखायला हवं. आत्या मात्र खरोखरच जास्वंदीचं सरबत करते. पाकळ्यांवर गरम पाणी ओतते, ते जांभळट होतं, मग लिंबू पिळते आणि क्षणात ते झगझगीत लाल-गुलाबी होतं. हेच शाळेत दर्शक म्हणून शिकवतात: जास्वंदीचा रस आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा. मी लहान असताना आत्याच्या ओट्यावर सांडलेल्या सरबतावर खायच्या सोड्याचा हात लागला होता आणि तो डाग हिरवा झाला होता. मला रसायनशास्त्राची पहिली भीती आणि पहिली ओढ तिथेच वाटली.

केसांचं तेल ती दर महिन्याला करते, खोबरेलात फुलं कढवून. त्याने केस वाढतात असं तिचं म्हणणं, मला ते मान्य नाही, आणि यावर आम्ही दोघींनी बोलणं सोडून दिलं आहे. पानांच्या बुळबुळीतपणाने केस मऊ होतात, तेवढं मी मानते.

"तुझ्या बाबाचे बूट सांगितले का तुला?" आत्याने विचारलं.

सांगितले नव्हते. बाबा पहिल्यांदा मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला निघाले तेव्हा कुणाचे तरी मागून आणलेले काळे बूट होते. पॉलिश नव्हतं. आजीने परसातली जास्वंदीची फुलं चुरगाळून त्या बुटांवर घासली, काळे कुळकुळीत होईपर्यंत. इंग्रजांनी तिला बुटांचं फूल असं नाव दिलं ते याच गुणावरून. माझ्या बाबांनी हे मला कधीच सांगितलं नाही. कदाचित मागून आणलेल्या बुटांची लाज वाटली असेल. मी त्या बुटांचा विचार करत थोडा वेळ गप्प बसले.

मग मी माझा शेवटचा आणि सगळ्यात खरा आक्षेप काढला. पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तो हमखास येतो. कापसाचं नुकसान करणारा पिठ्याही जास्वंदीवर जगतो, कारण कूळ एकच. एका झाडावर पांढरा कापूस पिंजल्यासारखा थर दिसला की आठवड्यात शेजारची झाडं जातात. सोसायटीच्या बागेला कुणी रोज बघणारं नसेल तर जास्वंद लावणं म्हणजे किडीला घर बांधून देणं.

"कुणी बघणारं नसेल तर," आत्या म्हणाली. "बरोबर. तिला बघावंच लागतं. पण कीड मारायला धावू नये, आधी मुंग्या बघाव्या. मुंग्या पिठ्याची गुरं राखतात, त्याचा गोड चिकटा खातात, त्याला फांदीवरून फांदीवर नेतात. बुंध्याची वाट बंद केली की निम्मं काम झालं. मग पाण्याचा जोराचा फवारा, पानाच्या खालून. मग रिठ्याचं पाणी. फारच झालं तर निंबोळी अर्क. आणि फांदीच भरली असेल तर ती कापून पिशवीत बांधून टाकायची, बागेत टाकायची नाही."

कुठल्याही कृषी अधिकाऱ्याने याहून चांगलं सांगितलं नसतं. बाकीचंही ती असंच जाणते. कळ्या उमलायच्या आधी गळायला लागल्या की लोक खत घालतात; ती आधी कुंडीच्या भोकात काडी घालून बघते, पाणी साचलंय का. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून जुन्या फांद्यांचा मोह धरत नाही. निदान पाच तास ऊन नसेल तर झाड हिरवंगार दिसेल आणि फूल देणार नाही, हे ती तळमजल्यावरच्या तिघींना सांगून दमली आहे.

मधे एकदा बिल्डरचा माळी येऊन गेला. त्याने फोनवर फोटो दाखवले: बशीएवढी फुलं, केशरी, जांभळी, कडेला पिवळी किनार, मध्ये तांबडा डोळा. "ऑस्ट्रेलियन आहे, मॅडम. फूल दोन-तीन दिवस टिकतं." अशा संकरित जातींचा मोठा बाजार आहे, कोलकात्याच्या नर्सरीत तर मोठ्या फुलांच्या एका प्रकाराला लोक 'पुणे जबा' म्हणूनच मागतात. सुंदर असतात, नाही म्हणवत नाही. पण त्या नाजूक असतात, आपल्या पावसात बऱ्याच कुजतात. या एका बाबतीत मी आणि आत्या एका बाजूला होतो, जरी कारणं वेगळी होती. मला झाडाची काटकता हवी होती. आत्याला एकेरी लाल हवी होती, हीच.

"हीच म्हणजे?" मी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. १९७८ साली ती डोंबिवलीला राहायला आली तेव्हा राजापूरजवळच्या माहेरच्या परसातून तिने फांदी आणली होती. कोकण रेल्वे यायला अजून वीस वर्षं होती. एसटीने आली, रात्रभर. आजीने फांदी ओल्या फडक्यात आणि वर केळीच्या सोपटात गुंडाळून दिली होती. आजीने ती स्वतःच्या माहेराहून आणली होती. आता माहेरचं ते घर राहिलेलं नाही. जागा विकली, परस सपाट झाला.

"तिथलं झाड गेलं," आत्या म्हणाली. "हे त्याचं पोर. आता हेही जाईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पोर नाही, आत्या."

तिने माझ्याकडे बघितलं.

"पोर बीपासून होतं. त्यात दोन झाडं मिसळतात. फांदी लावली की काही मिसळत नाही. तीच पेशी वाढत राहते. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हे राजापूरच्या झाडाचं पोर नाही, हे राजापूरचंच झाड आहे. आजीने माहेराहून आणलं तेच. तिच्याही आईने लावलं असेल तर तेच. जागा बदलत गेली, झाड बदललं नाही."

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. शाकीय पुनरुत्पादन, उदाहरण जास्वंद, गुलाब, ऊस. गुण दोन. ते वाक्य बोलताना पहिल्यांदाच मला त्याचा अर्थ लागला. या झाडाला बी धरत नाही, हा मी दोष म्हणून मोजला होता. बी धरत नाही म्हणूनच ते हाताहातांतून आलं. एका बाईने दुसरीकडे मागितलं, दुसरीने कापून दिलं, तिसरीने ओल्या फडक्यात नेलं. मेघदूताच्याही आधीपासून असंच चालत आलं असणार, कारण दुसरा मार्गच नव्हता. कुठेतरी मागायचं थांबलं असतं तर ती फांदी तिथेच संपली असती.

आत्या उठून खिडकीशी गेली. बराच वेळ काही बोलली नाही. मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

माझं मत बदललं का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. शहरातल्या मातीवर पहिला हक्क धायटीचा, कुड्याचा आहे असं मी आजही म्हणते, आणि यादीतली १४ नावं तशीच दिली आहेत. कुंपणाला ओळीने जास्वंद लावायला माझा विरोध आहे. पण गेटजवळ हातभर जागा मी वेगळी मागून घेतली आहे आणि तिथे काय लागणार ते बिल्डरला लिहून दिलेलं नाही. झाडं दोन प्रकारची असतात, असं मला आता वाटतं. काही रानाची असतात आणि माणसाने त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं. काही माणसाचीच असतात. त्यांना नुसतं सोडून दिलं तर ती मुक्त होत नाहीत, मरतात.

आषाढात, पाऊस लागून राहिल्यावर, आम्ही फांद्या कापल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, डोळ्याच्या खाली तिरका छेद. मी सांगायच्या आधीच आत्याने खालची पानं काढली होती, वरची दोन ठेवून तीही निम्मी कातरली होती, म्हणजे मूळ फुटेपर्यंत पानं पाणी उडवून टाकणार नाहीत. तिला बाष्पोत्सर्जन हा शब्द शिकवायची गरज नव्हती. दुधाच्या पिशव्यांना भोकं पाडून वाळूमिश्रित मातीत नऊ फांद्या लावल्या आणि खिडकीच्या आत, सावलीत ओळीने ठेवल्या. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतील.

एक कॉलेजच्या मागच्या आवारात जाणार आहे. पुढच्या वर्षीपासून प्रॅक्टिकलची फुलं तिथूनच घेऊ. एक माझ्या बहिणीकडे नाशिकला. एक बी विंगमधल्या त्या गृहस्थांना, जे आकडी घेऊन येतात. हे आत्याने ठरवलं, मी नाही. "त्यांना स्वतःचं झाड असू दे," ती म्हणाली, "मग आकडी आपोआप सुटेल."

परवा तळमजल्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी खिडकीशी येऊन पिशव्या मोजत होती. नऊ मोजून झाल्यावर तिने विचारलं, "आजी, यातलं तुमचं कुठलं?"

आत्या हाताने थेंब थेंब पाणी घालत होती.

"सगळंच," ती म्हणाली. "तुला एक हवंय का?"